गोव्याच्या महोत्सवातले भयपट: बडोद्याहून कोण कोण निघतंय?

सूरसागरकाठ:

मंडळी, फराळाचे डबे तळाला लागले की मला गोव्याचे वेध लागतात. २० नोव्हेंबरच्या आसपास पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू होतो. यंदाची पूर्ण यादी अजून हातात यायची आहे, पण मी नोंदणी केली, ऑफिसात रजा टाकली आणि शालही बाजूला काढून ठेवली (तिथली थिएटरं फार गार असतात). जाणार आहे ती मुख्यतः भयपटांसाठी. घरी हे सांगितलं की विचारतात, एवढ्या लांब जाऊन भुतं बघायची? हो, भुतंच बघायची. म्हणून हा धागा.

२०२२ साली पहिल्यांदा गेले तेव्हा 'मॅकाब्र ड्रीम्स' नावाचा भयपटांचा वेगळा विभागच होता. त्यात मेक्सिकोचा 'वेसेरा' होता, मिशेल गार्सा सेर्व्हेरा या दिग्दर्शिकेचा पहिलाच मोठा चित्रपट. त्यातली वालेरिया सुतारकाम करते. तिला दिवस गेलेत आणि तिला बोटं मोडायची सवय आहे. बस, एवढ्याच आवाजावर तो चित्रपट उभा आहे. कड. कड. आधी बोटांचा, मग कुठल्या तरी दुसऱ्याच हाडांचा.

आता हे ऐका. माझी आजी दृष्ट काढायची तेव्हा माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची. कडाकडा वाजली की म्हणायची, "बघ, केवढी लागली होती माझ्या बाळीला!" माझ्यासाठी जगातला सगळ्यात मायेचा आवाज तो. आणि तिथे, त्या अंधारात, तोच आवाज पडद्यामागून आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. शेजारी एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. दिवे लागल्यावर आम्ही दोघी काही न बोलता आपापल्या बोटांकडे बघत बसलो होतो.

हाच चित्रपट मी नंतर घरी लॅपटॉपवर पुन्हा लावला. चांगलाच वाटला. पण मनगट धरणारं कोणी नव्हतं.

तर यंदा कोण येतंय? कशाची वाट बघताय? मी दरवर्षी मे महिन्यापासून परदेशी महोत्सवांची वही घालते: मे मध्ये फ्रान्समधलं कान, ऑगस्टमध्ये लोकार्नो, सप्टेंबरात टोरांटो, ऑक्टोबरात स्पेनमधलं सिट्जेस. तिथे गाजलेल्यातलं थोडंफार नोव्हेंबरात पणजीला पोचतंच.

मकरपुरा_मेल:

ताई, मी नक्की. कारखान्यातून चारच दिवस सुट्टी मिळते, तेवढ्यात बसवतो.

जाणाऱ्यांसाठी: अजमेरहून एर्नाकुलमला जाणारी मरुसागर बडोद्यावरून थेट मडगावला जाते, पण आठवड्यातून एकदाच. ती नाही जमली तर वसई रोड किंवा पनवेलला गाडी बदला. मुक्काम पणजीत असेल तर करमळीला उतरणं सोयीचं. तिकिटं आत्ताच काढा. यादी येईपर्यंत थांबलात तर वेटिंग लिस्ट.

दुसरं, नुसती नोंदणी झाली म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. प्रत्येक खेळाची जागा आधी ऑनलाइन धरावी लागते आणि रात्रीच्या भयपटांच्या जागा बघता बघता उडतात. नाही मिळाली तर रश लाइनमध्ये, म्हणजे ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांसाठीच्या रांगेत, उभं राहायचं. रांगेतच जास्त चांगल्या गप्पा होतात हा माझा अनुभव. कोणता बघावा, कोणता सोडावा, हे मला रांगेतल्या लोकांनीच शिकवलं.

फतेगंज७:

वाट मीही बघतोय, पण एक गोष्ट मनापासून मांडतो. महोत्सवात निवडले जाणारे भयपट हल्ली सगळे एकाच मुशीतले वाटतात. आई गेलेली असते, मूल गेलेलं असतं, नवरा-बायकोचं बिनसलेलं असतं आणि भूत म्हणजे त्या दुःखाचं रूपक. दोन तास संथ कॅमेरा, करडे रंग, आणि शेवटी कळतं की भूत नव्हतंच. मला भूत हवंय. दारामागे उभं असलेलं, खरंखुरं.

म्हणून मला टोरांटोचा 'मिडनाइट मॅडनेस' विभाग आवडतो. १९८८ पासून चालू आहे, खेळ मध्यरात्री, आणि लोक ओरडायच्या तयारीनेच येतात. आपला 'मर्द को दर्द नहीं होता' २०१८ मध्ये तिथे प्रेक्षकांच्या मतांनी पहिला आला होता. २०२३ मध्ये 'किल' तिथेच दाखवला गेला. मारधाड, भूत, परग्रह, रक्त, सगळ्याला तिथे ताठ मानेने जागा आहे. महोत्सवात शिरायचं म्हणून भयपटाने गंभीर चेहरा करून का यावं?

वाडीची_सून:

फतेगंज७, तुझी तक्रार समजते, पण आपल्याकडची भुतं आठवून बघ. मुंजा कोण? मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुलगा. हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे मागे कोणी नसलेला, नाहीतर पैशात जीव अडकलेला. माझं माहेर राजापूरकडचं. आमच्याकडे संध्याकाळी पिंपळाखालून जाताना आजी सांगायची ते घाबरवायला नव्हे. ती त्या मुलाचं नाव घेऊन सांगायची, त्याची आई कोण होती तेही सांगायची. दुःख आणि भूत आपल्याकडे कधी वेगळं नव्हतंच. दुःखाशिवाय भूत होतच नाही.

फरक इतकाच की आजीच्या गोष्टीतलं भूत दुःखी असूनही खरं असायचं. ते दार वाजवायचं. तिथे माझं तुझ्याशी पटतं.

ताईंनी लिहिलेल्या 'वेसेरा'बद्दल वाचून अंगावर काटा आला. माझ्या बाळंतपणात पाचवीला सटवाईची पूजा मांडली, पाट, सुपारी, कोरा कागद, लेखणी. सगळे निजल्यावर सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. त्या रात्री मी टक्क जागी होते. आनंदाने नव्हे. खोलीत कोणीतरी येणार आहे आणि माझ्या बाळाला हात लावणार आहे, एवढंच डोक्यात. हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. कोणी दिग्दर्शिका ही रात्र पडद्यावर आणेल तर मी पहिल्या रांगेत बसेन.

सूरसागरकाठ:

ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. 'वेसेरा' बघताना मला नेमकं हेच वाटलं होतं, की बाळंतिणीची भीती कोणी तरी भीती म्हणूनच दाखवतंय, तिला लगेच समजूत घालत नाहीये. तुम्ही यायलाच हवं.

फतेगंज७, त्याच वर्षी त्याच विभागात स्लोव्हाकियाचा 'नाइट सायरन' होता. दिग्दर्शिका तेरेझा न्वोतोवा, लोकार्नोला बक्षीस मिळवून आलेला. डोंगरातलं गाव, बाईला चेटकीण ठरवणारी माणसं. आणि त्याच यादीत 'हॅलोविन एंड्स', म्हणजे सरळ मुखवटा आणि सुरा. म्हणजे निवडणाऱ्यांनी दोन्ही पोटं भरली होती. यंदाही तसंच असावं अशी माझी इच्छा आहे.

दांडियाबाजारी:

मुलांनो, मी अडुसष्ट वर्षांचा आहे, गोव्याची दगदग आता झेपायची नाही. पण धागा वाचून राहवेना.

बडोद्याचं आणि या भीतीचं नातं जुनं आहे. दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास आपल्या कलाभवनात शिकले. त्यांनी इथे फोटोग्राफीचा धंदा थाटला तेव्हाची हकीकत त्यांच्या चरित्रात सांगतात: लोक कॅमेऱ्यासमोर बसेनात. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो, आयुष्य घटतं, अशी समजूत होती. विचार करा, रावपुऱ्याच्या आसपास कुठेतरी एक तरुण काळ्या कापडाखाली डोकं घालून उभा आहे आणि समोरचा माणूस घाबरून उठून जातोय. आपल्याकडचा पहिला भयपट कोणी काढला ते राहू द्या, पण पहिला घाबरलेला प्रेक्षक इथलाच असावा असं मला नेहमी वाटत आलं आहे.

हेच फाळके पुढे 'प्रोफेसर केळफा' नावाने जादूचे प्रयोग करत. 'फाळके' उलटं वाचा. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं आणि पाण्याखाली नागाशी झुंजवलं. मी तो एकदा एका कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर पाहिला. युक्ती दिसते, तरी श्वास रोखला जातो.

आमच्या लहानपणी भयपट नव्हता तर कमाटी बागेतल्या म्युझियमची ममी होती. बडोद्याचं एकही मूल तिच्यापुढून गेल्याशिवाय मोठं होत नाही. वडिलांचा हात धरून काचेपर्यंत जायचं आणि डोळे मिटून परत यायचं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला मी डोळे उघडे ठेवले. तो दिवस मला मुंजीपेक्षा जास्त आठवतो.

१९८४ साली 'पुराना मंदिर' लागला तेव्हा घरून परवानगी नव्हती. शेजारच्या चौघांबरोबर गेलो. वर्तमानपत्रं अशा सिनेमाला तुच्छ लेखत, पण खाली पुढच्या खुर्च्यांवर जी माणसं होती, हमाल, रिक्षावाले, भाजीवाले, ती मनापासून घाबरायची आणि मनापासून ओरडून नायकाला सावध करायची. "पीछे देख!" असं चारशे माणसं एकदम ओरडतात, ते ऐकलंय का कोणी तुमच्यापैकी? सूरसागरकाठ, तुझं मनगट धरणारी बाई वाचून मला ती चारशे माणसं आठवली.

मकरपुरा_मेल:

काका, तुमची ही आठवण वाचून आज दुपारच्या सुट्टीत शेव-उसळ खाताना चार जणांना मोबाइलवर वाचून दाखवली. त्यातले दोघे गुजराती आहेत, त्यांनाही ममी माहीत!

आवाजघर:

मी नाटकांची आणि ऑर्केस्ट्राची ध्वनिव्यवस्था बघतो, म्हणून ताईंच्या 'लॅपटॉपवर चांगलाच वाटला' या वाक्यावर थोडं लिहितो.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही. माणसाचा कान तर खाली २० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे खर्जाचा जो सगळा भाग पोटात आणि छातीत जाणवतो, तो घरी गळूनच जातो. थिएटरच्या ५.१ या ध्वनिपद्धतीतला तो 'पॉइंट एक' म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेला वेगळा ट्रॅक. चांगला भयपट तो ट्रॅक सतत बडवत नाही. तो हळूच सुरू करतो, तुम्हाला कळतही नाही, आणि मग एकदम बंद करतो. बंद झाल्यावर कळतं की काहीतरी चालू होतं. लोक दचकतात ते बहुतेक वेळा तिथे.

मोठ्या पडद्याला बारीक बारीक भोकं असतात आणि मुख्य स्पीकर त्याच्या मागे. म्हणून ताईंना आवाज 'पडद्यामागून' आला, ते अगदी खरं लिहिलंय. शिवाय थिएटरात आवाजाची पातळी ठरलेल्या मापाला बांधलेली असते, त्यामुळे शांतताही मोजून मिळते. घरी पंखा, कुकर, खाली रिक्षा. ओटीटीसाठी तर हळू आवाज चढवून आणि मोठा उतरवून सगळं मधोमध आणतात. भयपटाचं त्यात फार नुकसान होतं.

एक स्वतःचं सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी सोसायट्यांत शिरल्या होत्या, आठवत असेल. आमच्या पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी, वीज गेलेली. मी जिन्यात दुसऱ्या मजल्यावर टॉर्च बंद करून उभा होतो, बॅटरी वाचवायला. खाली पाणी हललं. लाट नव्हे. काहीतरी लांब, सावकाश, एका गाडीला घासून पुढे गेलं. पत्र्यावरून खरवडल्याचा आवाज आणि मग पुन्हा पाणी गप्प. मी काहीही पाहिलं नाही. इतकी वर्षं आवाजाचं काम करतोय, पण आवाज म्हणजे काय ते त्या रात्री समजलं. गोव्याला मी जाणार ते असा एखादा आवाज कोणी पडद्यावर पकडलाय का, ते ऐकायला.

फतेगंज७:

आवाजघर, हे वाचून मी माझ्या तक्रारीतला 'संथ' हा शब्द मागे घेतो. संथपणा तुमच्या पार्किंगमधल्या पाण्यासारखा असेल तर मला चालेल. नुसताच संथ असेल तर नाही.

'तुंबाड'चंच बघा. राही अनिल बर्वेंना मुळात नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून आलेलं, आणि पाऊस खरा हवा म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे चित्रीकरण. २०१८ मध्ये व्हेनिसला समीक्षक सप्ताहाची सुरुवात त्याने झाली. आणि तरी त्यात भूत भूतच आहे. त्यातला शापित देव हस्तर हा हस्तरच आहे. लोभाचं रूपक असेल ते असो, पिठाच्या बाहुल्या घेऊन विहिरीत उतरताना ते कोणाला आठवतंय? २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. म्हणजे घरी बघून झालेली माणसंही थिएटरात आली. ताई म्हणतात तेच.

मला असा मराठी चित्रपट पणजीच्या पडद्यावर बघायचाय. यंदा नसेल तर पुढच्या वर्षी. वाट बघायची तयारी आहे.

वाडीची_सून:

एक विचारायचं होतं. माझी मुलगी सोळाची आहे. धारप आणि मतकरी वाचून वाचून पुस्तकांच्या पाठी सुटल्यात. गोव्याला घेऊन जाता येईल का तिला? रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात पाणी प्यायला एकटी जाते, मला मात्र उठवत नाही, इतकी धीट आहे.

सूरसागरकाठ:

नाही जमायचं, ताई. प्रतिनिधी म्हणून नोंदणी करायला अठरा पूर्ण लागतात. त्याला कारण आहे. महोत्सवातल्या चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळते, ती नोंदणी केलेल्या प्रौढ प्रेक्षकांपुरती. आम्ही भयपटवाले महोत्सवाकडे डोळे लावून बसतो त्याचं मोठं कारण हेच. बाहेर प्रदर्शित होताना नेमका जीवघेणा प्रसंग कापला जातो. मागे इथल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये मी एक परदेशी भयपट पाहिला, त्यात बाई दार उघडते आणि पुढच्या क्षणी सकाळ. मधलं सगळं गायब. तिकीट काढलेले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. पणजीला दिग्दर्शकाने जसा केला तसा बघायला मिळतो.

पण मुलीचं वाईट वाटतंय. दोन वर्षं फार असतात त्या वयात.

दांडियाबाजारी:

त्या मुलीसाठी एक सुचवतो. आमचा वाडा तसा पडका आहे, पण मधला चौक शाबूत आहे आणि जिन्याची भिंत मागच्याच वर्षी चुन्याने पांढरी केली. तुम्ही सगळे गोव्याला निघण्याआधीच्या शनिवारी इथे जमा. जर्मन दिग्दर्शक मुर्नाउचा 'नोस्फेरातू' लावू. १९२२ चा मूकपट, दीड तासाचा. आपल्या कायद्यात चित्रपटाचे हक्क साठ वर्षांनी संपतात, तेव्हा लपवाछपवी नाही.

त्याची कथा ठाऊक आहे ना? ड्रॅक्युलाची गोष्ट परवानगी न घेता उचलली, मूळ लेखक ब्रॅम स्टोकरच्या विधवेने खटला भरला आणि न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून आज आपण बघतो. मारून न मेलेला सिनेमा आहे तो. आणि त्यात रक्तपिपासू काउंट ऑर्लॉकची सावली जिना चढते, बोटं लांब लांब होत जातात, तो प्रसंग मला आमच्या जिन्याच्या भिंतीवर बघायचा आहे. किती वर्षांची इच्छा आहे, एकट्याने काय करणार होतो?

आवाजघर:

काका, प्रोजेक्टर आणि स्पीकर माझे. खर्जाचे दोन मोठे डबे आणतो. तयार संगीत नको, त्याचे हक्क वेगळे असतात. आवाज आपणच करू. तानपुरा आहे कोणाकडे? आणि एक लाकडी दार, कुरकुरणारं.

दांडियाबाजारी:

दारं सगळीच कुरकुरतात. तानपुरा माझ्या बायकोचा आहे, तारा बदलून ठेवतो.

मूकपटात मधे मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या इंग्रजी आहेत. त्या मी मराठीत करून मोठ्याने वाचेन. मूकपटांच्या काळात ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात असंच कोणीतरी वाचायचं. माझे आजोबा सांगत.

फतेगंज७:

मी येतोय, आणि होस्टेलवरून सहा जण आणतोय. दोघांना मराठी येत नाही, चालेल ना?

दांडियाबाजारी:

चालेल. ओरडायला भाषा लागत नाही.

वाडीची_सून:

मुलीला दाखवलं. तिचा काकांना एक प्रश्न आहे: सावली जिना चढते तेव्हा पाटी नसते. तेव्हा काका काय वाचणार?

दांडियाबाजारी:

तिला सांगा, तेव्हा मी गप्प बसणार आणि आवाजघर तानपुराही थांबवणार. तिने माझ्या शेजारी बसावं.

मकरपुरा_मेल:

शनिवारी रात्री साडेआठ पक्कं धरू? मी कारखान्यातून थेट येईन. चौकातली फरशी गार लागेल, चटया किती हव्यात सांगा.

सूरसागरकाठ:

पंचवीस तरी आणा. माझ्या घरून आठ येतील. आणि दांडिया बाजाराच्या बाजूने आलात तर गाड्या बाहेरच लावा, गल्लीत एकच स्कूटर जाते.